वादळाची सूचना आणि आपले कर्तव्य

दरवर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक वाद हटकून निघतो. कोणी म्हणतो, "हवामान खात्याने वादळ येणार म्हणून सांगितले आणि आले तर नाहीच, मग ते खोटे बोलले असे का म्हणू नये?" दुसरा म्हणतो, "त्यांचे ऐकून होडी ओढून ठेविली आणि चार दिवसांची मासळी बुडाली. तिची भरपाई कोणी करावी?" तिसरा म्हणतो, "जे होणार ते चुकत नाही. मग आधी कळून तरी काय उपयोग?" हे तीनही प्रश्न बोलावयास सोपे आहेत, पण उत्तर द्यावयास तितके सोपे नाहीत. पहिला प्रश्न सत्याविषयी आहे, दुसरा न्यायाविषयी आणि तिसरा देवावरील भरवशाविषयी. ह्या लेखात त्यांचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, वादळ म्हणजे काय व त्याची वाट आधी कशी सांगतात, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण ज्या कामाची रीत ठाऊक नाही त्या कामातील चूक कोणती व खोटेपणा कोणता, हे ठरविता येत नाही. आपल्या देशाच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत चक्रीवादळे बहुधा दोन मोसमांत उठतात: एक पावसाळ्याच्या आधी, एप्रिलपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. समुद्राचे वरचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसहून अधिक तापले म्हणजे त्याची विपुल वाफ होऊन ती वर चढते. वर गेल्यावर ती निवून तिचे ढग होतात, आणि तिने समुद्रातून घेतलेली उष्णता ती हवेस परत देते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि भोवतालची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न येता वळते, आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरू लागते. जुलै व ऑगस्ट महिन्यांत समुद्र खवळलेला असतो, तरी अशी मोठी चक्रीवादळे त्या महिन्यांत क्वचितच होतात. कारण तेव्हा खालचे वारे एका दिशेस व वरचे दुसऱ्या दिशेस इतक्या जोराने वाहतात, की उभे राहू पाहणारे वादळ मध्येच मोडून जाते.

आता हे वादळ आपल्या मर्जीने चालत नाही. वरच्या हवेतील मोठे प्रवाह त्यास वाहून नेतात, जसे नदीच्या धारेत सापडलेल्या भोवऱ्यास नदी नेते. ते प्रवाह जरा बदलले, की वादळाची वाट बदलते. उपग्रह, रडार, समुद्रावर तरंगणारी मापनयंत्रे व मोठमोठी गणकयंत्रे ह्यांच्या साहाय्याने ही वाट आज पुष्कळ अगोदर सांगता येते. तथापि चोवीस तास आधी सांगितलेल्या जागेतही सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटरांचा फरक पडतो. अलिबागहून श्रीवर्धन सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या फरकाचा अर्थ किनाऱ्यावरील मनुष्यास नीट कळेल. जो अंदाज शास्त्राच्या दृष्टीने उत्तम ठरला, त्याच अंदाजात एका गावाचे कौलही हलत नाही आणि दुसऱ्या गावाची वाडीच्या वाडी आडवी होते.

अगदी असेच ३ जून २०२० रोजी घडले. निसर्ग नावाचे चक्रीवादळ मुंबईच्या बाजूस येत आहे, असे आदल्या दिवसांत सर्वत्र ऐकू येत होते. ते अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले, आणि मुंबई शहर बहुतांशी वाचले. त्या सायंकाळी शहरात पुष्कळ लोक थट्टेने विचारू लागले, की वादळ गेले तरी कोठे? ते श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड व दापोली ह्या भागांत गेले होते. तेथे नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट उपटल्या गेल्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जावी लागतात. म्हणून ती बाग जाणे म्हणजे एका वर्षाचे पीक जाणे नव्हे, तर बापाने मुलासाठी लावून ठेविलेली ठेव जाणे होय. "वादळ आले नाही" हे वाक्य मनुष्य बहुधा आपल्या स्वतःच्या उंबरठ्यावर उभा राहून बोलतो. माझ्या दारी आले नाही, एवढेच त्यास खरोखर ठाऊक असते. शेजाऱ्याच्या दारी काय झाले, हे विचारण्याआधीच तो सांगणाऱ्यास लबाड ठरवितो.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. खोटे बोलणे म्हणजे जे आपण खरे मानीत नाही ते खरे म्हणून सांगणे. वादळाचा अंदाज सांगणारा आपल्या ज्ञानाची मर्यादाही सांगतो: इतका संभव आहे, इतक्या टापूत आहे, इतक्या तासांत आहे. समजा, "आज पाऊस पडण्याचा संभव शंभरात सत्तर" असे त्याने वर्षात शंभर दिवस सांगितले, आणि त्यांपैकी सत्तर दिवस पाऊस पडून तीस दिवस पडला नाही, तर त्या तीस कोरड्या दिवशीही तो खरेच बोलला. उलट शंभरही दिवस पाऊस पडला असता तर त्याचा अंदाज सदोष ठरला असता. ही गोष्ट मनास प्रथम चमत्कारिक वाटते; परंतु आपल्या रोजच्या व्यवहारात आपण तिला मान देतोच. वैद्य म्हणतो, हा ताप बहुधा हिवतापाचा दिसतो, रक्त तपासून घ्या. तपासणीत दुसरे काही निघाले म्हणून त्या वैद्यास कोणी खोटा म्हणत नाही.

ह्याच कसोटीने आपल्या गावातील जुन्या अंदाजांकडेही पाहावे. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते, कोणाचे बेडूक, कोणाचे कोल्हा, कोणाचा हत्ती. आणि त्या वाहनावरून पाऊस किती पडेल हे लोक ठरवितात. कोठे अक्षय्य तृतीयेस घट मांडून वर्षाचे भाकीत करितात. ह्या रीतींस हसावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या घरी वर्षाचे धान्य एका पावसावर अवलंबून असते, तो मनुष्य आकाशाकडे पाहून काही तरी खूण शोधणारच. आणि सगळ्याच खुणा पोकळ नसतात. चंद्रास खळे पडले म्हणजे उंच हवेत बर्फकणांचे पातळ ढग आले आहेत, हे शास्त्रही मानते. दाटून आलेल्या उकाड्यानंतर वळीव येतो, हे आमच्या आजोबांस कोणी शिकविले नव्हते. परंतु एक भेद लक्षात ठेवावा. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर तो कितीने चुकला हे मोजून लिहून ठेविले जाते, आणि पुढील वर्षी तो सुधारण्याचा यत्न होतो. वाहनाचे भाकीत चुकले तर कोणी मोजीत नाही, आणि जुळले तर बारा वर्षे सांगत फिरतात. जे वचन कधी तपासून घेतले जात नाही, ते खरे निघाले तरी त्यावर भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

चुकण्याच्या भयाने सांगणेच बंद करावे काय? ह्याचा अनुभव इंग्लंडाने एकदा घेतला आहे. २६ ऑक्टोबर १८५९ रोजी वेल्सच्या किनाऱ्याजवळ रॉयल चार्टर हे ऑस्ट्रेलियाहून परतणारे जहाज तुफानात सापडून फुटले, आणि साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. तेव्हा तेथील हवामान खात्याचे मुख्य रॉबर्ट फिट्झरॉय ह्यांनी तारायंत्राच्या साहाय्याने बंदरांस तुफानाची सूचना देण्याची व्यवस्था १८६१ साली सुरू केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात वर्तमानपत्रांतून रोजचा अंदाजही छापावयास आरंभ केला. अंदाज पुष्कळदा चुकत, आणि चुकले की लोक थट्टा करीत. १८६५ साली फिट्झरॉय वारले. पुढे विद्वानांच्या एका समितीने ठरविले, की ह्या सूचनांस शास्त्राचा पुरेसा आधार नाही. आणि १८६६ साली त्या बंद करण्यात आल्या. परंतु मग काय झाले? बंदरांतील लोकांनी व दर्यावर्दी मंडळींनी गाऱ्हाणे केले, आणि दुसऱ्याच वर्षी तुफानाच्या सूचना पुन्हा सुरू कराव्या लागल्या. ज्यांस काठावर बसून अंदाजांची परीक्षा करावयाची होती त्यांस ते अपुरे वाटले. पण ज्यांस त्या पाण्यावर जावयाचे होते, त्यांस अपुरी सूचना मुळीच नसलेल्या सूचनेपेक्षा शतपटीने बरी वाटली. सूचनेची किंमत कोणी ठरवावी, तर ज्याचा जीव तीवर अवलंबून आहे त्याने.

आपल्या देशातही ह्या कामाचा आरंभ दुःखातूनच झाला. १८६४ साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला, आणि ह्या आपत्तींनंतर १८७५ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. हिमालयावरील बर्फ व पुढील पाऊस ह्यांचा संबंध पाहून ब्लॅनफर्ड साहेबांनी बांधलेला पावसाचा पहिला रीतसर अंदाज ४ जून १८८६ रोजी प्रसिद्ध झाला. पुढे १८९९ साली मात्र चांगल्या पावसाचा अंदाज निघाला, आणि त्याच वर्षी घोर दुष्काळ पडला. त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजराथेकडील अनाथ मुलींस केडगावी आणून आसरा दिला, हे आमच्या मंडळ्यांतील वृद्धांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकिले असेल. असा चुकलेला अंदाज काही थोडी गोष्ट नव्हे. म्हणून अंदाज सांगणाऱ्यावरही एक कर्तव्य येते. त्याने आपल्या ज्ञानाहून अधिक निश्चयाने कधी बोलू नये. लोकांस निश्चित उत्तर आवडते, म्हणून जो अनिश्चित गोष्ट निश्चित करून सांगतो, तो त्या दिवशी टाळ्या मिळवितो आणि सर्व पुढील सूचनांचे मोल कमी करून ठेवितो. आजकाल गावोगावी भ्रमणध्वनीवर फिरणारे निनावी संदेश हेच पाप करितात. कोणी तरी एखाद्या जुन्या पुराचे चित्र आजचे म्हणून पाठवितो, आणि दहा जण न विचारता ते पुढे ढकलितात. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा न्यायालयापुरतीच आहे असे कोणी समजू नये. ज्याचा उगम ठाऊक नाही ती भयवार्ता पुढे पाठविणे ही खोटी साक्षच होय.

आता दुसरा प्रश्न, न्यायाचा. तो आम्हांस पहिल्याहून कठीण वाटतो, आणि खेड्यांतील लोकांनी तो विचारावा हे योग्यच आहे. २०१७ साली बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगला पाऊस होईल असा अंदाज ऐकून त्यांनी बी पेरले, खते घातली, आणि मग पावसाने ओढ दिली. पुष्कळ सुशिक्षित लोक ह्या तक्रारीस हसले. आम्हांस हसू येत नाही. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याने सावकाराच्या ओट्यावर बसून अनुभविले आहे त्यासच ठाऊक. मात्र ह्या ठिकाणी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि ती समजावून सांगणे हे गावातील शिकलेल्या मनुष्याचे काम आहे. "यंदा पाऊस सरासरीइतका" असे जे सांगतात, ते सर्व देशाचे व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांचे मिळून सांगतात. ती सरासरी आज सुमारे ८७ सेंटिमीटर धरितात, आणि शंभरास ९६ पासून १०४ पर्यंत पाऊस झाला तर त्यास सरासरीइतका म्हणतात. सर्व देशाची बेरीज बरोबर येऊनही एका तालुक्यात दुष्काळ व दुसऱ्यात पूर असू शकतो. आणि जूनमध्ये पडावयाचे पाणी ऑगस्टात पडले तरी बेरीज तीच राहते, पण पीक तेच राहत नाही. म्हणून चार महिन्यांच्या अंदाजावरून पेरणीचा दिवस ठरवू नये. त्यासाठी आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहावा, आणि जमिनीत ओल पुरेशी खोल गेली आहे की नाही हे आपल्या हातांनी उकरून पाहावे.

वादळ समुद्रात दूर असले तरी ते आपल्या शिवाराचा मोसम कसा हालविते, ह्याचे एक उदाहरण देतो. २०२३ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचे वादळ पुष्कळ दिवस रेंगाळले, आणि १५ जूनला कच्छच्या किनाऱ्यावर जखाऊ बंदराजवळ चढले. महाराष्ट्राच्या भूमीस ते लागलेही नाही. परंतु मोसमी वाऱ्यांची वाटचाल त्या काळात मंदावली. पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत येऊन तेथेच थबकला, आणि मुंबईस २५ जूनला पोहोचला. ज्यांनी केवळ मृग लागला म्हणून धूळपेरणी केली, त्यांस मधले दोन आठवडे फार लांब गेले असतील. नक्षत्र नेमल्या दिवशी लागते. पाऊस नेमल्या दिवशी येतोच असे नाही.

कोळ्याचा प्रश्न ह्याहूनही रोखठोक आहे. सूचना मिळाली की होडी बंदरात राहते. वादळ आले तर जीव वाचला. न आले तर रोजगार बुडाला, आणि पुढच्या सूचनेच्या वेळी तो मनात म्हणतो, मागे काय झाले ते पाहिलेच आहे. जून २०१९ मध्ये वायू नावाचे वादळ गुजराथेच्या किनाऱ्यावर चढणार म्हणून सुमारे तीन लाख लोकांस घरे सोडावयास लाविली. वादळ किनाऱ्याजवळ येऊन समुद्रातच वळले. त्या तीन लाखांत पुष्कळ असे होते, की ज्यांचे एका दिवसाचे काम बुडाले म्हणजे एका रात्रीची चूल बंद राहते. येथे हिशेब मांडू. नऊ वेळा घर सोडून व्यर्थ परत आल्याने जे गेले, ते कष्टाने का होईना, पुन्हा मिळविता येते. दहाव्या वेळी घर न सोडल्याने जे जाते ते कधीच मिळत नाही. म्हणून सूचना पाळणे हेच शहाणपण, हे खरे. परंतु हा हिशेब बरोबर असला तरी नऊ वेळांचा खर्च एकट्या गरिबाने सोसावा, हे न्यायाचे नव्हे. ज्या सावधगिरीने सर्व समाजाचा लाभ होतो, तिचा भार सर्व समाजाने वाटून घेतला पाहिजे. सरकारने आपला वाटा उचलावा. पण ज्या गावात एका कोळ्याने सूचना पाळून होडी बांधून ठेविली, त्या गावातील दुकानदाराने त्यास दोन दिवस उधार देणे, आणि बुडालेल्या रोजाची मजुराकडून बोलणी न ऐकविता मालकाने ती सूट देणे, हेही सूचना पाळण्याचाच भाग आहे. जो म्हणतो "तू जीव वाचव" आणि त्या दिवसाच्या भाकरीचे नाव काढीत नाही, त्याचे वचन अर्धेच आहे.

सूचना न ऐकल्याची किंमत किती असते, हेही सांगणे प्राप्त आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, समुद्र किनाऱ्यावर चढला, आणि तीन ते पाच लाख लोक मेले असे मानितात. वादळ येत आहे ही बातमी तेथील बहुतेकांच्या कानी गेली होती, असे मागाहून झालेल्या चौकशीत दिसून आले. परंतु पक्क्या इमारतीत आसरा घेणारे फारच थोडे निघाले. कोणी आधीच्या सूचना फुकट गेलेल्या पाहिल्या होत्या, कोणास जावयास जागाच नव्हती, कोणास घरातील भांडीकुंडी व गुरे सोडवेनात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले, त्यात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यानंतर तेथे किनाऱ्यावर आश्रयगृहे उभी राहिली, गावोगावी तरुण तयार केले गेले, कोणत्या म्हातारीस कोणी उचलून न्यावयाचे हेसुद्धा आधी ठरविले गेले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच किनाऱ्यावर फायलिन हे प्रचंड वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले होते, आणि मृतांची संख्या शंभराहूनही पुष्कळ कमी राहिली. समुद्र तोच, किनारा तोच, आणि लोकही तितकेच गरीब. चौदा वर्षांत जे बदलले ते एवढेच, की सूचना देणारा, ती दारोदार पोहोचविणारा आणि ती ऐकणारा ह्या तिघांचे एकमेकांशी नाते जुळले.

ज्याच्या शब्दावर इतरांचे जीव टांगलेले असतात, त्याची जबाबदारी सर्वांहून मोठी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गेले. त्याच्या सूचना आधीच सुटल्या होत्या. तरीही मुंबईपासून दूर समुद्रात, तेलाच्या क्षेत्राजवळ, कामगारांनी भरलेली एक मोठी तराफानौका तेथेच राहिली. नांगर तुटले, १७ मे रोजी ती बुडाली, आणि सत्तरांहून अधिक माणसे दगावली. त्या कामगारांपैकी कोणास विचारून निर्णय झाला नव्हता. हे वाचून प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाचा प्रवास कोणास आठवणार नाही? क्रेत बेटाच्या बंदरात असता, मोसम टळून गेला आहे, आता पुढे गेल्यास तारवाचे व जिवाचेही नुकसान होईल, असे त्याने सांगितले. शताधिपतीने बंदिवानाच्या बोलण्यापेक्षा तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे बोलणे अधिक मानिले. मग दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि सर्वांस वाटले की आपलेच खरे. मंद वारा सुटणे हाच त्या गोष्टीतील मोठा मोह आहे. सूचना मिळाल्यावर आकाश एक दिवस निरभ्र राहिले, की मनुष्य सूचना देणाऱ्यास विसरतो.

आता तिसरा प्रश्न. होणारे चुकत नाही, आणि तारणारा देव आहे, मग पळावे कशाला, असे बोलणारे मंडळीतही आढळतात, आणि हे बोलणे मोठ्या भक्तीचे आहे असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते हे भक्तीचे बोलणे नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देव झेलतो की नाही हे पाहण्यास आपल्या प्रभूने नकार दिला, तो ह्याचकरिता. ज्याने मनुष्यास डोळे, बुद्धी व आकाशाच्या खुणा ओळखण्याची शक्ती दिली, त्याने पाठविलेली सूचना धुडकावून त्याच्याचकडे संरक्षण मागणे ही त्याची परीक्षा पाहणे होय. तसेच, ज्या गावावर वादळ आले ते गाव पापी होते, असेही कोणी म्हणू नये. श्रीवर्धनच्या बागा उन्मळल्या व मुंबई वाचली, ह्यावरून दोन ठिकाणच्या लोकांच्या धार्मिकतेचे माप निघत नाही. वरच्या वाऱ्यांचा प्रवाह कोणीकडे होता, एवढेच निघते.

आणि न आलेल्या वादळाविषयी एक शेवटचा विचार योनाच्या पुस्तकातून घेण्याजोगा आहे. चाळीस दिवसांनी निनवे नगरीचा नाश होईल असे योनाने सांगितले. लोकांनी ऐकिले, आणि नाश झाला नाही. तेव्हा योना रागावून शहराबाहेर जाऊन बसला; आपले शब्द फुकट गेले असे त्यास वाटले. परंतु ते शब्द फुकट जावे ह्यासाठीच तर ते पाठविले होते. सूचनेचा हेतू आपण खरे ठरावे हा नसतो. माणसे वाचावी हा असतो. शाळेत एक रात्र काढून सकाळी आपले घर जसेच्या तसे पाहणाऱ्याने लाजू नये, आणि त्यास तेथे नेणाऱ्यानेही लाजू नये.

म्हणून आमच्या उपदेशकांस, पाळकांस व शाळामास्तरांस आमची विनंती आहे. आपल्या गावात ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी नाही, ज्यांस वाचता येत नाही, जे ऐकू येत नसल्यामुळे दारावरची हाकही ऐकत नाहीत, त्यांची यादी पावसाळ्याआधी करून ठेवा. पिवळा, नारिंगी व तांबडा हे जे इशाऱ्यांचे रंग आहेत, त्यांचा अर्थ उपासनेनंतर समजावून सांगा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे आता हातपाय हालवा. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मंडळ्यांनी हे आपले नव्हे असे समजू नये. वैशाखातील वळिवात कडाडणारी वीज विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी माणसे घेते, आणि त्यांत झाडाखाली उभे राहणारेही असतात. पाऊस येताच झाडाखाली न जाता पक्क्या घरात जावे, हे गुराख्याच्या पोरास आजच शिकवा. आपले मंदिर व शाळा भक्कम असेल, तर तिची किल्ली कोणाकडे आहे हे सर्व गावास ठाऊक असू द्या, आणि त्या रात्री दार उघडताना येणारा कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे हे विचारू नका. सूचना सांगताना जितके ठाऊक आहे तितकेच सांगा. आणि वादळ न आल्यास दुसऱ्या दिवशी ज्याचा रोज बुडाला त्याच्या घरी शेरभर तांदूळ घेऊन जा, म्हणजे पुढच्या वेळी तुमची हाक तो पहिल्या शब्दास ऐकेल.